चौदावी खुंटी

हमीदभाई,

तुमच्या कॅमेऱ्यात अजूनही एक जानेवारीच आहे. बॅटरी काढली की तारीख मागे जाते, ती परत लावायची असते, दोन बटणांचं काम आहे, असं मी तुम्हाला सात वर्षं सांगत होते. तुम्ही म्हणायचात, "ताई, पाखरू काय तारीख पाहून अंडे देते काय?" पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच सांगायची.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमची चार मेमरी कार्डं माझ्या टेबलावर आहेत आणि त्यांतला प्रत्येक फोटो एक जानेवारीला काढलेला आहे.

कार्डं नसरीनने शाळेत आणून दिली, कॅमेऱ्यासकट, चष्म्याच्या रिकाम्या डबीत घालून. मुलांना सुट्टी लागली होती, मी प्रयोगशाळेत शेल्फ पुसत होते. तुमची लेक तुमच्यासारखीच उंबऱ्यावर थांबून बोलते. म्हणाली, "ताई, दुकान आन् लग्नाच्या ऑर्डरी मी पाहून घेईन. हे पाखराचं मले काही समजत नाही. अब्बानं काय काढून ठेवलं, तुम्हीच पाहा." मी लगेच चार पाकिटं केली, त्यांवर क्रमांक टाकले आणि ती घरी नेली. पाकिटांवर क्रमांक टाकेपर्यंत मी ठीक होते.

मयतीच्या दिवशीही असंच झालं होतं. तुमच्या अंगणात बायकांमध्ये कुठे उभं राहायचं ते मला कळेना, म्हणून मी पाण्याचे ग्लास विसळून देत बसले. बेचाळीस ग्लास होते. रडले मात्र नाही, कारण तेव्हा मी तुमच्यावर रागावलेली होते. मेलेल्या माणसावर रागावलेलं असताना तोंड कसं ठेवतात, हे कोणी शिकवलेलं नसतं.

नसरीन हे वाचेल, म्हणून आपली पद्धत एकदा लिहून ठेवते.

आपला तलाव जानेवारीत भरलेला असतो आणि मे संपेपर्यंत त्याचं डबकं होतं. नांदुऱ्याहून आपण दोघं आपापल्या गाडीवर निघायचो, दर रविवारी, सहाला. तुमच्या मोटारसायकलला खुंट्या बांधलेल्या, माझ्या डिकीत वही, टेप, हातोडी. पाणी जिथे संपतं तिथे मी एक खुंटी ठोकायची. बाभळीची, पांढरा रंग दिलेली, वर काळ्या रंगात आकडा. जानेवारीचा पहिला रविवार म्हणजे एक नंबर. पुढच्या रविवारी पाणी मागे सरकलेलं असायचं, तिथे दोन नंबर, आणि मधलं अंतर टेपने मोजून वहीत. खुंटी ठोकली की मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहायची आणि तुम्ही फोटो काढायचात. "चला, पंचनामा करून घेऊ," असं म्हणत. मग पाखरं. तुम्ही बघायचात, मी लिहायची. चक्रवाक किती, थापट्या किती, पाणी कमी झालं तसे कोण आधी गेले, कोण शेवटपर्यंत राहिले.

वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम आहेत, माझ्या अक्षरात. तलावाचं नाव कोणाला सांगायचं नाही, नाहीतर कॅमेरेवाल्यांची जत्रा होते. अंड्यांपासून पन्नास पावलं दूर राहायचं. आणि ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही. लिहिलेलं बदलायचं झालं तर एक रेघ मारून दोघांनी सही करायची, हे नंतर जोडलेलं.

तिसरा नियम तुम्हाला कधीच पटला नाही. तुम्ही दूरवरचा एखादा ठिपका बघून म्हणायचात, "नदी सुरय असन." मी विचारायची, खात्री? "काय की." मग नाही लिहिणार. तुम्ही वैतागायचात. "ताई, वहीत एक खाना काय कीचा बी ठेवा ना. आर्धी दुनिया त्याच्यातच जाते." मी म्हणायची, वही आहे ही, पानटपरी नाही. हे भांडण सात वर्षं चाललं आणि त्यात कोणी हरलं नाही.

आता चौदाव्या खुंटीचं.

एप्रिलचा पहिला रविवार. पाणी पूर्वेकडच्या मुरमाच्या उंचवट्यापाशी आलं होतं. तिथे एक कंठेरी चिखल्या धावत होता. चिमणीपेक्षा जरासा मोठा, गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं. एक पंख जमिनीवर घासत, लंगडल्यासारखा. तुम्ही म्हणालात, "ताई, हे काही तरी सांगून राह्यलं." मी टेपचं टोक दातात धरलं होतं. ते काढून म्हणाले, "आधी खुंटी, मग पाखरं." खुंटी ठोकली, लाल चिंधी बांधली, पंचनामा झाला. मग आपण पलीकडच्या काठाला गेलो, कारण तिकडे चित्रबलाक उतरले होते.

चिंधीवरूनही आपलं झालं होतं, फेब्रुवारीत. "हे लाल काऊन बांधता? पाखरं बिचकतात." मी म्हटलं, म्हशी खुंट्या मोडतात, चिंधी दिसली की गुराखी वळवतात. मागच्या वर्षी पाच मोडल्या, यंदा एकही नाही. तुम्ही "हाव, बराबर" म्हणालात. तुमचं "हाव, बराबर" म्हणजे पटलं नाही, हे मला माहीत होतं.

पुढच्या रविवारी मी पंधरावी घेऊन गेले तर चौदावी जागेवर नव्हती. पाण्याच्या रेषेनेच चाळीस पावलं बाजूला होती. जुन्या जागी तिचं भोक होतं, आणि भोवती तुमच्या बुटाचे ठसे. डाव्या टाचेचा तुकडा पडलेला बूट दुसऱ्या कोणाचा? गुडघे टेकल्याच्या खुणा होत्या. आणि भोकापासून हातभर अंतरावर मुरमात एक उथळ वाटी, बारीक खडे लावलेली. चिखल्याचं घरटं. रिकामं.

मी जे जोडलं ते कोणीही जोडलं असतं. तुम्ही मधल्या दिवशी एकटे आलात. अंड्यांचे फोटो काढायला गुडघ्यावर बसलात. खुंटी चित्रात येत होती म्हणून उपटलीत आणि दुसरीकडे ठोकलीत. पाखरू उठून गेलं, अंडी उन्हात शिजली नाहीतर कावळ्याने नेली.

"ही खुंटी कोणी हलवली?"

"मी."

"का?"

तुम्ही पाण्याकडे बघत होतात. "हलवा लागली."

"लग्नात नवरीला जरा सरका म्हणता, तशी ही नाही हमीदभाई."

"नवऱ्या बी कुठं सरकतात आजकाल," तुम्ही म्हणालात.

हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मला आणखी राग आला. मी तिथेच मांडी घालून वहीत लिहिलं: क्र. १४ ह. यांनी हलवली. मागचं अंतर बाद. चिखल्याचं घरटं रिकामं. नियम दोन मोडला. आणि पेन तुमच्यापुढे धरला. तुम्ही चष्मा लावला, सगळं वाचलंत, बोट फिरवत वाचलंत, आणि सही केलीत. वही परत देताना एवढंच म्हणालात, "पंधरावी ठोका ताई. ऊन होऊन राह्यलं."

मी पंधरावी ठोकली. त्यानंतर मी रविवारी आले नाही. शनिवारी एकटी जायची, खुंटी ठोकायची, अंतर लिहायची, परत. सोळा, सतरा, अठरा. अठरावीनंतरच्या गुरुवारी नसरीनचा फोन आला.

कार्डं उघडायला मी चार दिवस लावले. वाटलं होतं, तुमची चूक डोळ्यांनी बघावी आणि एकदाचं मिटवावं. तारखा नव्हत्या, पण फोटोंचे क्रमांक ओळीने होते, आणि माझ्या खुंट्या होत्या. तेरावीचा पंचनामा, चौदावीचा, मग सव्वीस फोटो, मग पंधरावीचा. ते सव्वीस मी एकामागून एक कागदावर उतरवले.

पहिल्या तीनमध्ये खुंटी आहे, चिंधी वाऱ्यावर ताठ उडते आहे, आणि चिखल्या दूर, पाण्याच्या कडेला उभा. सावल्या आखूड आहेत, म्हणजे दुपार. खुंटीच्या उंचीने मोजलं तर पाणी तिच्यापासून चारेक मीटर मागे. तेव्हा आठवड्याला चौदा मीटर सरकत होतं. म्हणजे मंगळवार.

चौथा, पाचवा, सहावा यांत खुंटीच्या बुडाशी अंडी आहेत. चार. मुरमाच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. सातव्यात खुंटी नाही, भोक आहे. त्यानंतर अंड्यांचे सहा फोटो, अगदी जवळून. उरलेले सगळे लांबून काढलेले, उन्हाच्या झळांनी थरथरणारे. शेवटच्यात चिखल्या अंड्यांवर बसलेला आहे.

मग मी मागे गेले, चौदावीच्या पंचनाम्यावर. मी खुंटीशेजारी उभी, हातात हातोडी, चेहऱ्यावर नेहमीचा भाव. चित्र मोठं करत गेले. माझ्या डाव्या चपलेच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर ती चार अंडी आहेत.

मी पुन्हा मोठं केलं. लहान केलं. नसरीनला फोन करून विचारलं की हाच मूळ फोटो आहे ना. ती घाबरली बिचारी.

म्हणजे असं, हमीदभाई. खुंटी मी अंड्यांना लागून ठोकली होती. पाखरू पंख मोडल्याचं सोंग करून आपल्याला दूर नेऊ पाहत होतं आणि मी टेप धरून होते. तुम्हालाही तेव्हा दिसलं नाही, घरी दुकानात फोटो मोठा केल्यावर दिसलं. उडणाऱ्या चिंधीमुळे ते बसायला येईना. एप्रिलच्या उन्हात अंडी उघडी. तुम्ही मंगळवारी जाऊन खुंटी काढलीत.

हे मी जोडलं, आणि मागचंही मीच जोडलं होतं, म्हणून आता माझ्या जोडण्यावर माझा भरवसा राहिलेला नाही.

माझ्या डायरीत सोमवारची नोंद आहे: ह. फोन, उद्या तलाव, नाही म्हटलं. तुम्ही विचारलं होतं, "ताई, उद्या दुपारी येता काय तलावावर? आर्ध्या घंट्याचं काम आहे." शाळेत वर्षअखेरची सामानाची तपासणी होती. मी दोनशे परीक्षानळ्या मोजत होते. "रविवारी बघू," म्हटलं. काय काम आहे हे तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही. म्हणजे सोमवारी तुमचं मला सांगायचं ठरलं होतं? मग रविवारी काय बदललं? मी पेन पुढे धरला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. तुमची चप्पल पाहा ताई, एवढंच. तुम्ही बोट फिरवत वाचलंत आणि सही केलीत.

माझ्यावर दया केलीत असं मानलं तर मला राग येतो. मी काय लहान आहे? चूक झाली असती तर मीच रेघ मारून सही केली असती. माझ्यावर चिडून गप्प बसलात असं मानलं तर तेही पटत नाही, तुम्हाला चिडून गप्प बसता येत नव्हतं, तुम्ही चिडलात की जास्त बोलायचात. आणि ते सहा फोटो? खुंटी काढायला गेलात हे खरं. मग तिथे बसून सहा फोटो कशाला? आयुष्यभर हळदी आणि वरमाला काढलेल्या माणसाचा हात आवरला नाही, असं असेल. मग तुम्ही सही केलीत ती त्या सहा फोटोंसाठी का? तेवढा नियम मोडला होता, म्हणून? मी कागदावर दोन्ही बाजू लिहिल्या. दोन्हीकडे सारखंच भरलं.

एक मात्र आहे. सोळावी, सतरावी आणि अठरावी मी शनिवारी एकटीने ठोकल्या. तुमच्या शेवटच्या कार्डात तिन्हींचे पंचनामे आहेत. तुम्ही रविवारी येत होतात. खुंटी चित्राच्या उजवीकडे आहे, नेहमीसारखी, आणि डावीकडे मी उभी राहते तेवढी जागा तशीच सोडलेली. तिन्हींत चिंधी उडत नाही. खुंटीला घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली आहे. पुढच्या शनिवारी मला तो दोरा दिसला होता. वाटलं, गुराख्याने केलं असेल.

तिथे मी लॅपटॉप बंद केला आणि पोळ्या लाटायला गेले. सोळा लाटल्या. घरात आम्ही तिघं.

पाखरं बघायला मला तुम्ही शिकवलंत हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणजे सांगायची गोष्ट वाटली नाही. मी ओळखपत्राच्या फोटोसाठी आले होते. तुमच्या भिंतीवर नवरानवरींच्या रांगेत मधेच एक चिखल्या होता, पोट भिजवून येत असलेला. मी म्हटलं, हे काय? तुम्ही कॅमेरा ठेवून सांगायला लागलात. ऊन वाढलं की हे पाण्यावर जाते, पोटाची पिसं ओली करते, पळत येऊन अंड्यावर बसते. पाणी मागं जाते तशी त्याची चक्कर लांबते. "एका दुपारी म्या त्याच्या एकतीस चकरा मोजल्या. लिहून नाही ठेवल्या." मी म्हटलं, लिहायला पाहिजे होत्या. तुम्ही म्हणालात, "मंग या ना तुम्ही लिहाले." एवढ्यावर सात वर्षं.

काल रविवार होता. मी रविवारी गेले. खुंटी क्रमांक एकवीस. पाणी आता आपल्या शाळेच्या मैदानाएवढं उरलंय. त्यात दोन बगळे. कोरड्या झालेल्या गाळात भास्करच्या काकड्यांचे वेल वाळायला आलेत. तो दर वर्षी तिथे गाळपेर करतो, तुम्हाला चहा पाजायचा, मला फक्त नमस्कार.

काल त्याने मलाही चहा दिला. मी त्याला चौदावीबद्दल विचारलं.

"हाव ना मॅडम. भाई गुडघ्यावर बसले होते भर उन्हात. मले वाटलं, नमाज पढून राह्यले. जवळ गेलो तं म्हने, तिकडूनच ये बे, पाय पाहून ठेव. खुंटी उपटली अन् तिकडं नेऊन ठोकली. म्हटलं, मॅडम बोंबलतीन. तं म्हने, बोंबलू दे, तिले सांगू नको."

"का सांगू नको?"

"काय की."

"मग पिल्लं निघाली का? तुला दिसली?"

त्याने कप विसळला. "आता काय सांगू मॅडम. एका दिवशी तिथं कुत्रे बसले होते. मंग दुसऱ्या एका दिवशी ते पाखरू पंख मोडल्यावानी करत माह्या पुढं पुढं पळे. आधी कोन्तं झालं, काय की."

तुमच्या सोळावीच्या पंचनाम्यानंतर लगेच एक फोटो आहे. तोच मुरमाचा उंचवटा, चिखल्या एका पायावर उभा, आणि त्याच्या मागे एक करडं काहीतरी. मी ते एवढं मोठं केलं की नुसते चौकोन दिसायला लागले. एका बाजूने बघितलं की त्याला डोळा आहे. दुसऱ्या बाजूने बघितलं की दगड आहे. घरट्यातून पिल्लं निघाली की दिवसभरात घरटं सोडून पळतात. म्हणजे मी रिकामी वाटी पाहिली त्याच्या आदल्या दिवशी ती निघून गेलेली असू शकतात. किंवा कुत्रे. तुम्ही सोळावीच्या रविवारी तिथे थांबून नेमकं काय काढलंत, ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही असतात तर मी विचारलं असतं, खात्री? आणि मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात.

आज शाळेतलं काम आटोपल्यावर वही उघडली. आधी दुरुस्ती केली. 'नियम दोन मोडला' यावर एक रेघ मारली, शेजारी लिहिलं: दोघांनी मोडला. आधी मी. माझी सही केली. तुमच्या सहीची जागा तुमच्या जुन्या सहीशेजारी आहे, ती मोकळी आहे. नसरीनला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मी करू काय? मी तिला नाही म्हटलं. ती तिथे नव्हती.

मग पट्टी घेतली आणि शेवटच्या रकान्यापुढे एक उभी रेघ ओढली. वरच्या चौकोनात लिहिलं, काय की. सात वर्षांच्या वहीत मधेच नवा रकाना म्हणजे मागची सगळी पानं त्या जागी कोरी दिसणार. दिसू देत.

पहिली नोंद केली. चिखल्याचं पिल्लू, एक. किंवा दगड. पाहिलं: ह. खुंटी सोळाच्या पूर्वेला.

तारखेच्या जागी बराच वेळ पेन धरून बसले. तो रविवार कोणता हे मला ठाऊक आहे, खुंटीवरून निघतो. तरी तुमच्या कॅमेऱ्यात होती तीच घातली. एक जानेवारी.